पायाची बायपास, जुनी बिडी आणि अडलेला 'फिटनेस' – अनुभव व माहिती हवी आहे

रानजाई | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागात पडीक असते, आज वेगळ्याच कारणाने धागा काढतेय.

माझे वडील (दादा), वय ६४, सिन्नर तालुक्यात राहतात, शेती. मिसरूड फुटायच्या आधीपासून बिडी, रोजचं एक बंडल तरी जातंच. वर्षभर चालताना पोटरी भरून यायची, थांबलं की बरं वाटायचं. आम्ही वयावर ढकललं. या थंडीत रात्री झोपेतून उठून पाय खाटेखाली लोंबता सोडून बसायला लागले, तसं केलं की ठणका कमी होतो म्हणे. मग अंगठ्याशेजारचं बोट निळं-काळं पडलं आणि नखापाशी जखम झाली. नाशिकला डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) झाली. मांडीतली रोहिणी लांबवर बंद आहे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून जे गुणोत्तर काढतात ते फारच कमी, ०.३८ आलं. फुगा घालून भागणार नाही, त्यांच्याच पायातली शीर काढून बायपास करायची, असं सर्जन म्हणाले. (प्रत्येक नातेवाईक फोनवर विचारतो, "हार्टची का?" पायाचीही बायपास असते हे सांगून माझं तोंड दुखलं.)

तारीख ठरली आणि भूलतज्ज्ञांनी फिटनेस (भूल-ऑपरेशन झेपेल असा दाखला) दिला नाही. दादांना गेली काही वर्षं धाप आहे, सकाळी बेडका पडतो, छातीत घरघर. आम्ही त्याला दमा म्हणायचो. फुंकायची टेस्ट (पीएफटी) झाली, त्यात सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) निघाला, एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) अपेक्षेच्या ४६ टक्के. छातीच्या डॉक्टरांनी दोन पंप, वाफ आणि थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू म्हणालेत.

माझे प्रश्न :
बोट काळं पडत असताना फुफ्फुसासाठी थांबणं बरोबर आहे का?
शेजारचे एक निवृत्त कंपाउंडर दादांना सांगून गेले की ऑपरेशनच्या तोंडावर बिडी एकदम सोडली तर कफ वाढून जिवावर बेततं, महिनाभर आधी सोडायची तर सोडायची, नाहीतर आता राहू द्या. दादांना हे फारच पटलंय!
आणि ऑपरेशननंतरचे दिवस कसे असतात? कोणी यातून गेलंय का?

---

भूलवाला | मंगळवार, रात्री ११.०५

दादांना मी तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचा शब्द वरचढ. बाकी भूल देणं हा माझा धंदाच आहे, म्हणून लिहितो.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या जोरावर दादांचं बंडल चालू आहे. कंपाउंडरसाहेब जे म्हणाले ते हवेतलं नाही. १९८९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधून हृदयाच्या बायपासच्या रुग्णांचा एक अभ्यास आला होता. ऑपरेशनच्या आधी आठ आठवड्यांहून कमी काळ सिगारेट सोडलेल्यांना छातीचा त्रास जास्त झाल्याचं त्यात दिसलं. ते आमच्या पिढीने पाठच केलं होतं. पुढे २०११ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा उशिरा सोडल्याने धोका वाढतो असं काही हाती लागलं नाही. पहिले काही दिवस खोकला-बेडका वाढू शकतो हे खरं. धुराने लुळा पडलेला श्वासनलिकांच्या आतला झाडलोटीचा बंदोबस्त पुन्हा कामाला लागतो. पण तो बेडका फिजिओ आणि वाफेने काढता येतो. म्हणून बिडी चालू ठेवा असं आज कुठलाही भूलतज्ज्ञ सांगणार नाही.

एका दिवसाने काय फरक पडतो, असं दादा विचारतील. पडतो. बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर दर चार ते सहा तासांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं, म्हणजे एक दिवस-रात्र कोरडी गेली तर बराचसा निघून जातो. ज्या पायाला मुळात रक्तच ओढाताणीने पोचतंय, तिथे पोचलेल्या रक्तात तरी पुरेसा ऑक्सिजन नको का? निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, तेही काही तासांत उतरतं. जखम भरायची ताकद आणि फुफ्फुसांची सफाई सुधारायला मात्र आठवडे लागतात. चार आठवडे मिळाले तर छान, आठ मिळाले तर फारच छान. तुमच्याकडे ते नाहीत.

आणखी एक, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघतात ना, त्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यातला फरक कळत नाही. नुकतीच बिडी ओढून आलेला माणूस ९७ दाखवतो आणि घरचे म्हणतात, "बघा, फुफ्फुस ठणठणीत!"

आता पहिला प्रश्न. रात्रीचा ठणका आणि बोटाला जखम म्हणजे पाय जाण्याच्या वाटेवर आहे. अशा वेळी महिना-दोन महिने थांबायचं नसतं, आणि तुमचे डॉक्टर थांबतही नाहीयेत. मिळेल त्या थोड्या दिवसांत श्वासनलिका जेवढ्या मोकळ्या करता येतील तेवढ्या करायच्या, बेडका पिवळा-हिरवा असेल तर आधी जंतुसंसर्ग आवरायचा आणि मग टेबलावर घ्यायचं. नुसती पोटरी भरून येण्याची तक्रार असती तर मीच म्हटलं असतं, आधी बिडी सोडा, रोज चाला, तीन महिन्यांनी बघू. ४६ टक्के म्हणजे आजार तीव्र गटातला, पण ऑपरेशन नाकारण्यासारखा आकडा नाही. फिटनेस 'दिला नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'अजून दिला नाही' असाच असतो.

---

खरंतेसांगतो | बुधवार, सकाळी ७.५०

आमच्या गावचे आबा नव्वदीपर्यंत चिलीम ओढत होते, पाय धडधाकट. रोग कुठलाही असो, खापर बिडीवर फोडलं की डॉक्टर मोकळे. खेड्यातल्या माणसाचा तेवढाच विरंगुळा, तोही काढून घ्या.

---

भूलवाला | बुधवार, दुपारी २.१५

@खरंतेसांगतो, नव्वदीचे आबा पारावर भेटतात. साठीत पाय गेलेले आबा पारावर येत नाहीत, ते आम्हाला भेटतात.

---

पंचगंगाकाठ | बुधवार, सायंकाळी ६.३०

रानजाईताई, मी यातून गेलोय. माझं दादांपेक्षा वरचं होतं. पोटातल्या महारोहिणीपासून दोन्ही मांड्यांपर्यंत उलट्या वाय आकाराची कृत्रिम नळी बसवली. मी शिरोलीला फाउंड्रीत होतो, वाळूची धूळ, भट्टीचा धूर आणि वर सिगारेट. फुफ्फुसाचं काय झालं असेल बघा. माझाही फिटनेस असाच लटकला होता.

नंतरचे दिवस विचारलेत म्हणून सांगतो. पाय दुखेल, पोट दुखेल असं वाटलं होतं. ते दुखलंच, पण त्याला औषध होतं. खरी लढाई खोकल्याची. पोटावर बेंबीच्या वर-खाली एवढी मोठी चीर, आणि बेडका तर आत साठलेला. खोकला आला की डोळ्यांपुढं काजवे. म्हणून माणूस खोकला दाबतो, श्वास वरच्या वर घेतो, बेडका खालीच बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप. मला न्युमोनिया झाला. नळी पहिल्या दिवसापासून झकास चालू, पाय गरम, आणि मी मात्र छातीपायी आयसीयूत अडकलेलो. सर्जन यायचे, पाय बघून खूश व्हायचे, मग छातीचा फोटो बघून गप.

पायाचं एक सांगतो, ते तुम्हाला दिसेलच. पावलाच्या वरच्या बाजूला पेनाने फुली मारून ठेवतात. तिथं नाडी सापडलेली असते. सिस्टर दर तासाला येऊन फुलीवर बोट ठेवणार, नाही लागली तर छोटं डॉपलर मशीन टेकवणार, सुस्स-सुस्स आवाज आला की वहीत लिहून पुढं. रात्री-अपरात्री तो आवाज ऐकला की बरं वाटायचं. फुली पुसू देऊ नका. आमच्या ताईने मायेनं पाय पुसताना फुलीपण पुसली आणि सिस्टरची बोलणी खाल्ली.

शेजारच्या कॉटवर एक जण होता, माझ्यापेक्षा तरुण, मांडीतून गुडघ्याखाली बायपास, म्हणजे दादांसारखीच. छातीही बरी. माझ्याआधी घरी गेला. घरी जाऊन परत सुरू केली. वर्षाच्या आत शीर बंद पडली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद. गुडघ्याखाली पाय काढला. ओपीडीत भेटला तेव्हा कुबड्या लावून गेटबाहेर ओढत उभा होता. मी त्याला काही बोललो नाही. काय बोलणार?

---

मोरपंखी_छत्री | बुधवार, रात्री ८.२०

@भूलवाला, पण शिरेचा आणि बिडीचा संबंध नीट कळला नाही. जुनी वाहिनी बिडीने बुजली हे समजलं. नवी तर त्यांच्याच पायातली, स्वच्छ. ती का बुजावी?

---

भूलवाला | बुधवार, रात्री १०.४५

हा प्रश्न खरं म्हणजे सर्जनचा, पण ते धाग्यावर दिसत नाहीत तोवर माझी वर्णी लावतो.

बायपास कधी बंद पडली यावरून कारणाचा अंदाज येतो. पहिल्या महिन्यात पडली तर बहुधा टाके, शिरेचा दर्जा किंवा पुढे रक्त वाहून जायला वाट नसणं. महिन्यानंतर ते दोनेक वर्षांपर्यंत मुख्य शत्रू म्हणजे शिरेच्या आतल्या अस्तराची वाढ. शीर आयुष्यभर कमी दाबाचं रक्त वाहत आलेली असते. तिला अचानक रोहिणीचा दाब झेलावा लागतो, ती आतून जाड होत जाते आणि काही ठिकाणी वाट अरुंद होते. त्यानंतरच्या काळात मूळचाच आजार वर-खाली पसरतो. धूर या सगळ्यात तेल ओततो. अस्तराला इजा, रक्त गोठण्याची ओढ, प्लेटलेट चिकट. पायाच्या बायपासनंतर धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत ती बंद पडण्याचा धोका सुमारे तिप्पट असतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून निघालंय. आणि दादांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, ऑपरेशननंतर सोडली तरी धोका पुष्कळ खाली येतो. म्हणजे 'आता उशीर झाला' हा बहाणाही चालत नाही.

म्हणूनच घरी सोडल्यावर सोनोग्राफी-डॉपलरला बोलावतात. पहिल्या महिना-दीड महिन्यात, मग तीन, सहा, बारा महिन्यांनी, असं साधारण वेळापत्रक असतं. अरुंद झालेली जागा बंद पडायच्या आत सापडली तर फुग्याने भागू शकतं. "आता बरंय" म्हणून ही फेरी चुकवणारे फार. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिनही (कोलेस्टेरॉलची गोळी) मनाने बंद करायची नाहीत.

जखमेचंही सांगतो. जांघेतली जखम ही घामाची, घडीची जागा, तिथे जंतूंना आयतं घर. जंतू मारायला पांढऱ्या पेशींना ऑक्सिजन लागतो, जखम सांधायला जे कोलॅजन लागतं त्यालाही लागतो. २००२ साली डेन्मार्कमध्ये खुबा-गुडघा बदलणाऱ्या १२० धूम्रपींवर प्रयोग झाला. निम्म्यांना ऑपरेशनच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून समुपदेशन आणि निकोटीनच्या पर्यायी औषधांनी सोडायला मदत केली. त्यांच्यात गुंतागुंत १८ टक्के, बाकीच्यांत ५२ टक्के. जखमेच्या तक्रारी ५ टक्के आणि ३१ टक्के. हे हाडांचे रुग्ण होते, ज्यांच्या रोहिण्या आपल्या दादांपेक्षा चांगल्या असणार.

---

चालतीबोलती | गुरुवार, सकाळी ६.५५

फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे श्वासाच्या व्यायामाच्या, आत तीन प्लास्टिकचे गोळे असलेल्या यंत्राबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

तो डबा दादांना ऑपरेशनच्या आधीच आणून द्या. नव्वद टक्के पेशंट त्यात फुंकतात (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, अभ्यासाचा नाही). त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश आत ओढा. डब्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. हिसका मारून तिन्ही गोळ्या टाणकन वर पाठवण्यापेक्षा एकच गोळी दोन-तीन सेकंद वर धरून ठेवणं जास्त कामाचं. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा. मध्ये थांबा, नाहीतर गरगरतं. सीओपीडीत हवा आत अडकलेली असते, म्हणून सोडताना शीळ घालायच्या ओठांनी, घेतला त्याच्या दुप्पट वेळ.

बेडका काढायला जोरजोरात खोकायची गरज नसते. आरशावर वाफ धरतो तसं तोंड उघडं ठेवून "हाऽऽ" करत हवा बाहेर ढकलायची, दोन-तीनदा, मग एकच खोकला. पंचगंगाकाठकाकांसारखी पोटावर चीर असेल तर उशी पोटाशी घट्ट कवटाळून. पायाच्या बायपासला पोटाचं दुखणं नसतं, ही दादांची मोठी जमेची बाजू.

आणि झोपून राहायचं नाही. उताणं झोपलं की फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की पाठ टेकून बसणं, मग खुर्ची, मग संडासापर्यंत चालणं. खेड्यातून भेटायला येणारी मंडळी "पडून राहा, विश्रांती घ्या" म्हणतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

---

सोलापुरी_खर्डा | गुरुवार, दुपारी १२.१०

माझी मावशी घरी बिड्या वळते, पूर्व भागात निम्म्या गल्लीचं तेच काम. स्वतः कधी ओढली नाही. पण मशेरी लावते, आणि गेली दोन वर्षं धाप लागते. डॉक्टरांनी तिलाही सीओपीडी सांगितला. न ओढता कसा होईल? आणि तिला मधुमेहही आहे, पायाला मुंग्या येतात. मशेरी तर धूर नाही ना?

---

भूलवाला | गुरुवार, रात्री ९.३०

@सोलापुरी_खर्डा, न ओढता होतो, आणि आपल्याकडे भरपूर होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला होता, धूम्रपान न करणाऱ्यांमधला सीओपीडी. त्यात मोठा वाटा चुलीचा. मावशींनी तरुणपणी चुलीवर रांधलं असेल. तंबाखूची धूळही श्वासनलिकेला मानवत नाही. त्यांची पीएफटी झाली का बघा, नुसत्या छातीच्या फोटोवर सीओपीडी पक्का करत नाहीत.

मशेरीत धूर नाही म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही, हे बरोबर. निकोटीन आहेच, आणि तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं. बिडी सोडून मशेरी किंवा तंबाखू-चुना धरणं ही पळवाट महाराष्ट्रात फार चालते, इथे ओढण्यापेक्षा खाणारेच जास्त. मुंग्या मधुमेहाने नसांना झालेल्या इजेच्या असतील किंवा रक्त कमी पडत असेल, घोट्याचं गुणोत्तर एकदा मोजून घ्या. मात्र मधुमेहात वाहिन्या कडक होऊन ते खोटं चांगलं येऊ शकतं, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

या निमित्ताने बर्गरच्या आजाराबद्दलही. तिशी-चाळिशीतला तरुण, बिडी किंवा तंबाखू, हातापायांची बोटं काळी पडताहेत, कोलेस्टेरॉल-मधुमेह काही नाही. लिओ बर्गर यांनी १९०८ साली न्यूयॉर्कमधून याचं सविस्तर वर्णन केलं. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत हे पेशंट पूर्वीपासून येतात. बायपास जोडायला खाली चांगली वाहिनीच उरत नाही, म्हणून ऑपरेशनचा उपयोग मर्यादित. तंबाखू शून्य केली तर आजार थांबतो, दिवसाला एक-दोन चालू ठेवल्या तरी धगधगत राहतो. त्यात निकोटीनचं च्युइंगमसुद्धा शक्यतो टाळतात.

---

लेस्टरची_माई | गुरुवार, रात्री ११.५५ (इथे संध्याकाळ)

धागा वाचते आहे, छान चर्चा. इकडे इंग्लंडात पुरुषांना पासष्टीच्या वर्षी पोटाच्या सोनोग्राफीसाठी पत्र येतं, महारोहिणीला फुगवटा आहे का बघायला. आमच्या ह्यांना तसं गेलं आणि फुगवटा सापडला. लक्षण काहीच नव्हतं. साडेपाच सेंटिमीटर होईपर्यंत नुसती नजर ठेवली. ह्यांची छाती जुनी सिगारेटवाली, म्हणून पोट न उघडता दोन्ही जांघांतून नळी सरकवून आत जाळीदार अस्तर बसवलं. दुसऱ्या दिवशी डायनिंग टेबलवर! म्हणजे हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून टोस्ट, पण तुम्हाला समजलं. पंचगंगाकाठ यांचं वाचून कळलं ह्यांचं किती वाचलं ते. मात्र दरवर्षी स्कॅन जन्मभर, तेवढी कटकट आहे.

---

तिसरी_घंटा | शुक्रवार, सकाळी १०.२०

अवांतर, पण राहवत नाही. आपला शेवटचा सम्राट म्हणजे इंग्लंडचा सहावा जॉर्ज हा या धाग्याचा जिवंत (म्हणजे मृत) पुरावा. अट्टल सिगारेटवाला. पायाचं रक्त आटलं, पाय कापायची भीती. मार्च १९४९ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यातच जेम्स लर्मंथ या सर्जनने त्याच्या कमरेतल्या नसा कापल्या, जेणेकरून पायातल्या वाहिन्या सैल पडाव्यात. पायाची बायपास तेव्हा नुकती कुठे जन्मली होती, पॅरिसच्या जाँ क्युन्लँने आदल्याच वर्षी पहिली केली होती. राजाचा पाय वाचला. सप्टेंबर १९५१ मध्ये कॅन्सरमुळे डावं फुफ्फुस काढलं, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये झोपेत हृदयाने दगा दिला. वय ५६. पाय, फुफ्फुस, हृदय, एकाच सवयीची तीन बिलं.

---

रानजाई | शुक्रवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. भूलवालांचा प्रतिसाद दादांना मोठ्याने वाचून दाखवला. कार्बन मोनॉक्साइडचं ऐकून म्हणाले, "मग त्या कंपाउंडरला आधी विचार, तो अजून ओढतो का." (ओढतो!) काल सकाळपासून बिडी बंद आहे, निदान आमच्यासमोर. पण चिडचिड इतकी की आई म्हणते, ऑपरेशन माझंच करा. हे किती दिवस? आणि च्युइंगम द्यायचं का?

---

चालतीबोलती | शनिवार, सकाळी ७.३०

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग उतरत जातं, तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. हे डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना सांगून ठेवा. ऑपरेशननंतर पेशंट अचानक बडबडायला, नळ्या ओढायला लागला तर कारणं अनेक असतात, त्यात तलफ हेही एक असू शकतं.

च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं, पण ऑपरेशनच्या तोंडावर डॉक्टरांना विचारूनच. दिलं तर ते बबलगमसारखं चघळत राहायचं नाही. चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, ओसरल्या की पुन्हा चावायचं. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही. दादांना हेच जड जाईल. बंडलावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर सरकारचा आहे, फुकट, तिथे समुपदेशक बोलतात. मुलीचं न ऐकणारे वडील तिऱ्हाइताचं ऐकतात, असं पाहिलंय.

---

रानजाई | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ९.००

अपडेट. ऑपरेशन मंगळवारी झालं. छातीच्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा पंप घ्यायला लावला. भूल कमरेतून दिली. दादा मधेमधे खोकत होते म्हणून सर्जनना हात थांबवून बसावं लागत होतं, असं नंतर कळलं. घोट्यापासून मांडीपर्यंत आतल्या बाजूने टाके आहेत. पाऊल गरम आहे, फुली आहे, सुस्स-सुस्स आहे!! काळं बोट मात्र काढावं लागेल म्हणतात, ते नंतर.

आता तक्रार. काल धाकटे काका भेटायला आले आणि दादांना बाथरूमपर्यंत "आधार देऊन" घेऊन गेले. आत काडेपेटीचा आवाज. मी दारच वाजवलं. कॉटशेजारी ऑक्सिजन चालू असतो हो! काकांचं म्हणणं, एका बिडीने काय होतंय, पोराबाळांनी त्याला छळलंय. घरात भांडण झालं ते झालं.

दोन प्रश्न : पाय सुजलाय, घोट्यापाशी टमटमीत. आणि दादांना आता धाप कमी वाटते, तर पंप बंद करू का असं ते विचारताहेत. नर्सबाईंनी ऑक्सिजनही कमी ठेवलाय, ९० दिसतंय, तो वाढवायला सांगू का?

---

भूलवाला | शुक्रवार, रात्री ११.२०

अभिनंदन. काकांना वॉर्डबाहेरच भेटवा. ऑक्सिजनची नळी नाकात असताना काडी पेटवली तर चेहरा भाजतो, कपडे-अंथरूण पेट घेतं.

ऑक्सिजन वाढवायला सांगू नका. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांत ८८ ते ९२ एवढंच ठेवतात. जास्त दिला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस झोपाळू होतो, बरळतो. ९० बघून घाबरू नका, पण दादा नेहमीपेक्षा गुंगीत वाटले, ओठ निळे झाले किंवा बोलताना वाक्य तुटायला लागलं तर लगेच सांगा.

पंप बंद करायचा नाही. धाप पंपामुळेच कमी आहे. घरी गेल्यावर तो घ्यायची पद्धत चालतीबोलतीताईंसारख्या कोणाकडून तरी एकदा तपासून घ्या, आणि स्टेरॉइडवाला पंप असेल तर नंतर चूळ भरायची. थंडीच्या आधी फ्लूची आणि न्युमोनियाची लस विचारा. आणि बोट काढायच्या वेळी पुन्हा भूल लागेल, तेव्हा "ही बारीक आहे" म्हणून छातीचे कागद घरी ठेवून जाऊ नका.

---

चालतीबोलती | शनिवार, सकाळी ६.४०

सूज बहुतेकांना येते. उपाशी पायाला एकदम रक्त मिळालंय, शिवाय शीर काढलीय. काही आठवडे राहते. खुर्चीत बसताना पाय स्टुलावर, झोपताना उशीवर, गुडघ्याखाली लोड ठेवून मुडपून नको. दादांना पाय लोंबता सोडायची जुनी सवय आहे, ती आता मोडायची. क्रेप बँडेज किंवा मोजे सर्जनना विचारल्याशिवाय बांधू नका, शिरेवर दाब येतो. पोटरी दगडासारखी घट्ट झाली, पाऊल गार पडलं, रंग बदलला किंवा जांघेतून पू-पाणी आलं तर सोमवारची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं. आणि तो डबा चालू आहे ना? ओढतात की फुंकतात?

---

रानजाई | शनिवार, सकाळी ८.१५

फुंकत होते. आता आई समोर बसून ओढायला लावतेय.